मोनिकाच्या दोन प्रती : परदेशी कलाचित्रपटांच्या पुनर्संपादनाचा एक आढावा

१. प्रश्नाचे स्वरूप

इंगमार बर्गमन यांचा 'समर विथ मोनिका' हा चित्रपट १९५३ साली स्वीडनमध्ये प्रदर्शित झाला तेव्हा त्याची लांबी सुमारे ९७ मिनिटांची होती. दोन वर्षांनी तोच चित्रपट अमेरिकेतील प्रेक्षकांपुढे आला तेव्हा तो ६२ मिनिटांचा उरला होता, त्यातील माणसे इंग्रजी बोलू लागली होती, एरिक नॉर्डग्रेन यांच्या संगीताच्या जागी लेस बॅक्स्टर यांचे संगीत वाजत होते, आणि फलकावर नाव झळकत होते 'मोनिका, द स्टोरी ऑफ अ बॅड गर्ल', म्हणजे एका वाह्यात मुलीची कहाणी. ज्यांनी पहिली प्रत पाहिली त्यांना दुसरी पाहून संताप यावा, आणि ज्यांनी दुसरीच पाहिली त्यांना पहिलीचे अस्तित्वही ठाऊक नसावे, अशी ही स्थिती कित्येक वर्षे टिकली. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत गेलेल्या अनेक युरोपीय, रशियन आणि जपानी चित्रपटांच्या वाट्याला कमीअधिक प्रमाणात हेच आले. या व्यवहाराला काय म्हणावे, विटंबना, व्यापार की एक नवी निर्मिती, याविषयीचा वाद अद्याप मिटलेला नाही. त्याचा आजवरचा हिशेब मांडणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभी एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. अशा चित्रपटांना इंग्रजीत 'एक्स्प्लॉयटेशन' म्हणतात, आणि त्याचे भाषांतर 'शोषण' असे करण्याचा मोह आपल्याकडील लेखकांना नेहमी होतो. अमेरिकी चित्रपटव्यवसायाच्या बोलीत मात्र या शब्दाचा मूळ अर्थ नेहमीच्या जाहिरातीपलीकडे जाऊन केलेला खास प्रचार एवढाच होता. ज्या चित्रपटात नामांकित नट नाहीत, ज्याच्या पाठीशी मोठी कंपनी नाही, आणि म्हणून ज्याचा सारा भरवसा अशा प्रचारावर, त्या चित्रपटांना पुढे तेच नाव चिकटले. निषिद्ध विषय, उघडी शरीरे, व्यसने, रक्तपात ही त्यांची सामग्री असे. शब्दाचा हा व्यापारी उगम लक्षात ठेवला म्हणजे पुढील पुष्कळसा गोंधळ टळतो.

२. पूर्वपीठिका

अमेरिकी चित्रपटधंद्याने १९३० साली स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली आणि १९३४ पासून तिचा अंमल कडक केला. मोठ्या कंपन्यांच्या चित्रगृहांत या संहितेची मोहर नसलेला चित्रपट लागत नसे, आणि मोठ्या शहरांतील प्रमुख चित्रगृहे बहुतांशी त्याच कंपन्यांच्या मालकीची असल्यामुळे बाहेरच्याला वाव नव्हता. परदेशी चित्रपटाला तर याखेरीज जकातखात्याचा उंबरठाही ओलांडावा लागे. गुस्ताव्ह माखाटी यांचा 'एक्स्टसी' हा १९३३ चा चेक चित्रपट, ज्यात पुढे हेडी लमार या नावाने प्रसिद्धीस आलेली तरुणी विवस्त्र पोहताना दिसते, १९३५ साली न्यूयॉर्कच्या बंदरात जप्त झाला आणि ती प्रत जाळून टाकण्यात आली. नंतर फेरफार केलेली आवृत्ती मात्र त्या देशात पोहोचली व पुष्कळ चालली. फेरफार करून आत शिरणे आणि आत शिरल्यावर निषिद्धाची दवंडी पिटणे, ही दुहेरी वहिवाट अशी तेव्हाच पडली.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन निकालांनी चित्र बदलले. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट प्रभृती कंपन्यांच्या खटल्यात निर्मिती आणि चित्रगृहांची मालकी यांची फारकत करण्याचा मार्ग मोकळा केला, आणि स्वतंत्र चित्रगृहांना स्वतःचा माल स्वतः शोधण्याची मुभा व निकड एकदमच प्राप्त झाली. रॉबेर्तो रोसेलिनी यांच्या 'द मिरॅकल' या चित्रपटाचा परवाना धर्मनिंदेच्या कारणावरून न्यूयॉर्क राज्याने रद्द केला असता वितरक जोसेफ बर्स्टिन यांनी दाद मागितली, आणि चित्रपट हा निव्वळ व्यापार आहे हे १९१५ पासून चालत आलेले मत बाजूला सारून १९५२ साली न्यायालयाने त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण दिले. याच सुमारास मोठ्या शहरांतून लहान लहान 'आर्ट हाउस' निघाली. बार्बरा विलिन्स्की यांनी 'शुअर सीटर्स' या आपल्या ग्रंथात त्यांचे जे वर्णन केले आहे ते मोठे बोलके आहे: बाहेरच्या दालनात कॉफीची व्यवस्था, भिंतींवर चित्रे, तिकिटाचा दर चढा, आणि प्रेक्षक आपल्या अभिरुचीविषयी जागरूक.

परंतु या सोज्ज्वळ दालनांतही जाहिरात कोणत्या सुरात चाले, याची कबुली बर्स्टिन यांचे भागीदार आर्थर मेयर यांनी आपल्या आठवणींत दिली आहे. रोसेलिनी यांचा 'रोम, ओपन सिटी' १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये लागला तेव्हा एका प्रतिष्ठित साप्ताहिकातील वाक्य वाकवून, हॉलिवूडला जे धाडस कधी झाले नाही ते कामुक दर्शन येथे घडेल असा अर्थ त्यातून काढण्यात आला, आणि सोबत दोन तरुणींच्या आलिंगनाचे व एका पुरुषाला फटके मारण्याचे अशी दोन छायाचित्रे छापली गेली. नाझींच्या ताब्यातील रोममधील प्रतिकाराची ती कथा. ही करामत कात्रीची नव्हे, जाहिरातीची होती. जाहिरात आणि कात्री या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि चर्चा करताना त्या निराळ्या ठेवल्या पाहिजेत असे माझे मत आहे.

मराठी वाचकाला या हकिगतीचे नवल वाटावे याला एक कारण आहे. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि 'बायसिकल थीव्ह्ज'सारखे इटालियन चित्रपट आपल्याकडे सरकारी निमंत्रणाने, सन्माननीय पाहुणे म्हणून आले. पुढे 'प्रभात चित्र मंडळ'सारख्या संस्थांनी आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने तीच परंपरा चालवली. त्यामुळे बर्गमन किंवा रोसेलिनी म्हटले की आपल्या मनात जे गांभीर्य येते, ते त्यांच्या अमेरिकेतील पदार्पणाला लाभलेच होते असे समजण्याचे कारण नाही.

३. मोनिकाचे प्रकरण

या साऱ्या व्यवहाराचे सर्वांत बोधक उदाहरण म्हणून अभ्यासक 'मोनिका'कडे वळतात, आणि तेथे थोडे थांबणे अगत्याचे आहे.

पेर आंडेर्स फोगेलस्ट्रोम यांच्या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट स्टॉकहोममधील दोन गरीब तरुण नोकरांचा आहे. मोनिका भाजीच्या दुकानात राबते आणि पुरुषांची अंगचटी सोसते. हॅरी काचसामानाच्या दुकानात बोलणी खातो. मोनिकाच्या घरी दारूबाज बाप, लहान भावंडांचा कल्लोळ आणि एका खोलीतला संसार. एके दिवशी दोघेही हॅरीच्या वडिलांची नाव घेऊन शहराबाहेरच्या बेटांकडे निघून जातात, तेथे उन्हाळाभर राहतात, उपाशीही राहतात, चोरीही करतात, आणि शरद येताच, मोनिकाला दिवस गेलेले असताना, परत येतात. लग्न होते, मूल होते. हॅरी अभ्यासाला लागतो आणि मोनिका त्या खोलीत गुदमरते. बेटावर ती विवस्त्र होऊन पाण्याकडे धावत जाते ते दृश्य गुनार फिशर यांच्या कॅमेऱ्याने दुरून टिपले आहे आणि ते काही क्षणांचेच आहे. त्याच्या आधी शहर आहे आणि नंतरही शहर आहे, आणि त्या दोन शहरांच्या मध्ये असल्यामुळेच त्या क्षणाला मोल आहे.

चित्रपटाचे अमेरिकी वितरक क्रोगर बॅब यांना हे मोल नको होते. ओहायओत जन्मलेल्या या गृहस्थांनी १९४५ च्या 'मॉम अँड डॅड' या चित्रपटावर अपार पैसा मिळविला होता. आपल्याकडे जत्रेत तंबू ठोकून सिनेमा दाखवीत, त्याचीच आठवण व्हावी अशी त्यांची गावोगाव फिरण्याची पद्धत होती: बायकांचे खेळ वेगळे, पुरुषांचे वेगळे, मध्येच 'एलियट फोर्ब्स' नामक आरोग्यतज्ज्ञाचे व्याख्यान, आणि त्यानंतर पुस्तिकांची विक्री. हे 'एलियट फोर्ब्स' एकाच दिवशी अनेक गावी बोलत, कारण ते नाव बॅब यांनी निरनिराळ्या माणसांना दिले होते. अशा व्यापाऱ्याच्या हाती बर्गमन यांची चित्रफीत आली तेव्हा त्याने शहर कापले आणि बेट ठेवले. दारिद्र्याचे तपशील गेले, कामाच्या जागा आखडल्या. उरली ती उन्हाळ्याची सहल आणि तिचे नैतिक फळ भोगणारी मुलगी.

या चित्रपटाच्या उत्तरार्धात एक क्षण असा आहे की त्यामुळे त्याला चित्रपटाच्या इतिहासात कायमचे स्थान मिळाले. नवऱ्याच्या गैरहजेरीत मोनिका एका उपाहारगृहात परपुरुषासोबत बसली आहे. सिगारेट पेटवते, आणि मग हळूच तोंड वळवून थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे, पाहू लागते. मागचा उजेड मावळत जातो आणि तो चेहरा तेवढा पडद्यावर राहतो, कितीतरी वेळ. ती क्षमा मागत नाही आणि खुलासाही करीत नाही. १९५८ साली ज्याँ-ल्युक गोदार यांनी या दृष्टिक्षेपाविषयी उत्कटतेने लिहिले, आणि पुढच्याच वर्षी फ्रान्स्वा त्रुफो यांच्या 'फोर हंड्रेड ब्लोज'मध्ये दोन मुलगे चित्रगृहाबाहेरून पळवतात ते छायाचित्र हॅरिएट आंडरसनचे, म्हणजे मोनिकेचेच, होते. फ्रेंच समीक्षकांनी जिच्यात स्वतंत्र स्त्रीची नजर पाहिली, तिलाच अमेरिकी फलकाने 'वाह्यात मुलगी' म्हटले. ही नावे ठेवण्याची क्रिया त्या दृष्टिक्षेपाच्या नेमकी उलट आहे. कारण तो पाहणाऱ्याला विचारतो की निवाडा करणारे तुम्ही कोण, आणि फलकाने तो निवाडा दारातच सांगून टाकला होता.

बर्गमन यांचे इतर चित्रपटही सुटले नाहीत. 'समर इंटरल्यूड' हा तेथे 'इलिसिट इंटरल्यूड' झाला आणि त्यात मूळ कलावंतांशी संबंध नसलेली, अमेरिकेत चित्रित केलेली स्नानाची दृश्ये घुसडली गेली; 'सॉडस्ट अँड टिन्सेल' हा 'द नेकेड नाइट' झाला. 'टाइम' साप्ताहिकाने १९५५ साली 'सिन अँड स्वीडन' हा लेख छापून स्वीडिश पाप ही कल्पना अमेरिकी घराघरात नेली होती, आणि आर्ने माटसन यांच्या 'वन समर ऑफ हॅपिनेस'मधील स्नानदृश्याची ख्याती त्याआधीच पसरलेली होती. तेव्हा एका राष्ट्राच्या नावालाच बाजारात किंमत आली होती असे म्हणावे लागते. १९५६ साली स्थापन झालेल्या 'जॅनस फिल्म्स'ने बर्गमन यांचे चित्रपट अखंड आणि उपशीर्षकांसह आणण्यास आरंभ केल्यावर त्यांची दुसरी, आज सर्वपरिचित अशी, प्रतिमा घडली.

४. कात्रीचे इतर प्रकार

लैंगिक आकर्षण हे एकच निमित्त नव्हते. जॉर्ज फ्रांझू यांचा 'आइज विदाउट अ फेस' हा १९६० चा संयत, काव्यमय भयपट १९६२ साली इंग्रजी संवाद चढवून आणि छाटून 'द हॉरर चेंबर ऑफ डॉक्टर फॉस्टस' या नावाने जोडखेळात दाखवला गेला. चित्रपटात फॉस्टस नावाचा कोणी नाहीच. यिंद्रिख पोलाक यांच्या 'इकारी एक्सबी १' या चेक अंतराळपटात पृथ्वीवरची माणसे दूरच्या ताऱ्याकडे जातात. अमेरिकी आवृत्तीत शेवट फिरवून ती परग्रहवासी ठरवली गेली आणि त्यांना दिसणारे नवे जग म्हणून न्यूयॉर्कचे दर्शन घडवले गेले. रॉजर कॉर्मन यांनी विकत घेतलेल्या सोव्हिएट अंतराळपटांना अमेरिकी राक्षस जोडण्याचे काम तरुण फ्रान्सिस कोपोला यांनी केले, आणि पुढे पीटर बोग्डानोविच यांनीही तशाच कामावर हात बसवला. इशिरो होंडा यांच्या 'गोजिरा'त १९५६ साली रेमंड बर या अमेरिकी नटाची दृश्ये जोडली गेली, अणुचाचण्यांचा जाच सौम्य झाला. मूळ प्रत अमेरिकी चित्रगृहांत सर्वदूर पोहोचण्यास २००४ साल उजाडले. इटलीच्या मारिओ बाव्हा यांचा 'लिसा अँड द डेव्हिल' तर, भूतबाधेच्या चित्रपटांची लाट आलेली पाहून, नवी दृश्ये घालून 'द हाउस ऑफ एक्सॉर्सिझम' बनवण्यात आला.

उलट उदाहरणेही आहेत. तेच कॉर्मन सत्तरीच्या दशकात बर्गमन यांचा 'क्राइज अँड व्हिस्पर्स' अखंड स्वरूपात वितरित करताना दिसतात, आणि तोही मोटारीत बसून पाहण्याच्या उघड्या चित्रगृहांपर्यंत नेतात. रॅडली मेट्झगर यांची वाट याच्या उलट दिशेची: ते जॅनसकडे झलकपट्ट्या जोडणारे संपादक. १९६१ साली त्यांनी ऑडुबॉन फिल्म्स काढून फ्रेंच चित्रपटांत स्वतःची दृश्ये मिसळली आणि पुढे स्वतःही चित्रपट दिग्दर्शित केले. आपल्याकडेही या व्यवहाराचे नातलग आहेत: आय. व्ही. शशी यांचा 'अवळुडे रावुकळ' हा १९७८ चा मल्याळम चित्रपट हिंदीत 'हर नाइट्स' नावाने फिरला. परंतु तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

५. मतप्रवाह

पहिला पक्ष कलाकृतीच्या अखंडतेचा आहे. दिग्दर्शक हा चित्रपटाचा कर्ता, लय आणि क्रम हे त्याच्या विचाराचे अंग, म्हणून एक तृतीयांशाहून अधिक भाग कापलेली कृती ही त्याची कृती नव्हेच, असे हा पक्ष मानतो. त्याचे बळ मोनिकाच्या उदाहरणात सहज दिसते: शहर कापले की बेटाचा अर्थ बदलतो, आणि हे मत केवळ भावनिक नाही, चित्रपटाची रचना उलगडून दाखवून ते सिद्ध करता येते.

दुसरा पक्ष व्यवसायाच्या इतिहासकारांचा. टिनो बालिओ आणि विलिन्स्की यांच्या संशोधनातून दिसते की कलागृहे जगली ती काही प्रमाणात उघड्या देहाच्या आशेनेच. मार्क बेट्झ यांनी त्या काळच्या जाहिराती शेजारीशेजारी ठेवून कलाचित्र व एक्स्प्लॉयटेशन यांची भाषा किती समान होती ते दाखवले, आणि कार्ल शूनोव्हर यांनी इटालियन वास्तववादाच्या स्वागतात पीडित देहाच्या दर्शनाचा वाटा किती होता याचा शोध घेतला. वुडी ॲलन यांनी सांगितले आहे की बर्गमन यांच्या चित्रपटाला ते पहिल्यांदा गेले ते त्यात विवस्त्र स्त्री आहे अशी वदंता ऐकून. या पक्षाचे म्हणणे असे की ही दोन दालने वेगळी नव्हती. एकाच घराला दोन दारे होती.

तिसरा पक्ष आवृत्तीलाच दस्तऐवज मानतो. एरिक शेफर यांनी 'बोल्ड! डेअरिंग! शॉकिंग! ट्रू!' या १९९९ च्या ग्रंथात बॅब आणि त्यांच्या व्यवसायबंधूंचा इतिहास कोणताही तिरस्कार न बाळगता लिहिला. जोन हॉकिन्स यांनी टपालाने चित्रफिती विकणाऱ्यांच्या यादीपत्रांकडे लक्ष वेधले, जेथे थोर दिग्दर्शकांची नावे आणि रक्तरंजित भयपट एकाच वर्णानुक्रमात, कसलाही पंक्तिभेद न करता, छापलेले असत. जेफ्री स्कॉन्स यांच्या लेखनानंतर हा दृष्टिकोन विद्यापीठांत रुजला.

चौथा सूर स्त्रीवादी वाचनाचा आहे, आणि तो मला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. बॅब यांनी हॅरिएट आंडरसनचा देह विकला हे खरे. पण तो मुळात दाखवला कोणी, आणि कलेच्या नावाखाली पाहणाऱ्याची नजर निर्दोष कशी ठरते? मारिआ लार्सन आणि एलिसाबेत ब्योर्कलुंड यांनी संपादित केलेल्या स्वीडिश चित्रपट व लैंगिक क्रांतीविषयीच्या ग्रंथात आर्ने लुंडे यांनी अमेरिकेतील 'कामुक बर्गमन'च्या विक्रीची चिकित्सा केली आहे, आणि ती वाचल्यावर मूळ प्रत शुद्ध व दुसरी भ्रष्ट ही सोपी विभागणी टिकवणे कठीण जाते.

माझ्यापुरते सांगायचे तर कापण्यापेक्षा कापल्याचे लपवणे हा मोठा अपराध मला वाटतो. जो प्रेक्षक पैसे मोजून आत गेला त्याला आपण कशाचा तुकडा पाहत आहोत याची वार्ता नव्हती, आणि दूर स्वीडनमधील कर्त्याच्या नावावर ती कृती खपत होती.

६. कायद्याची बाजू

साहित्य व कला यांच्या संरक्षणार्थ झालेल्या बर्न करारात १९२८ च्या रोम येथील दुरुस्तीने कर्त्याचा नैतिक हक्क मान्य झाला. अमेरिका त्या करारात सामील झाली ती १९८९ साली. मधली सहा दशके तेथे वितरणाचा करार हाच शेवटचा शब्द होता, आणि ज्याने हक्क विकत घेतले त्याला कात्रीची मुखत्यारी बहुधा मिळे. फ्रान्समध्ये उलट घडले: जॉन ह्यूस्टन यांच्या 'द अस्फाल्ट जंगल' या कृष्णधवल अमेरिकी चित्रपटाला रंग चढवून दाखवण्यास त्यांच्या वारसांनी हरकत घेतली, आणि १९९१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमातील ५७ वे कलम कर्त्याला विद्रूपीकरणाविरुद्ध दाद मागू देते खरे, पण त्याच कायद्याने चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्मात्याला धरले आहे; दिग्दर्शक त्या व्याख्येबाहेर राहतो.

७. अनिर्णीत राहिलेले

प्रतिष्ठित कात्रीचे काय, हा पहिला प्रश्न. लुकिनो व्हिस्कोंटी यांच्या 'द लेपर्ड'ची अमेरिकी आवृत्ती छाटलेली होती आणि त्यांनी ती आपली नव्हे असे जाहीर केले. चेन कायगे यांचा 'फेअरवेल माय कॉन्क्यूबाइन' १९९३ साली तेथे सुमारे १४ मिनिटे कमी करून लागला. येथे फलक सभ्य होता, प्रेक्षक सुशिक्षित होता, म्हणून ओरड त्या मानाने कमी झाली. हानी मोजताना आपण मिनिटे मोजतो की फलकाची पातळी, हे अभ्यासकांनी एकदा ठरवले पाहिजे.

दुसरा प्रश्न परिणामाचा. बॅब यांच्या आवृत्तीने बर्गमनसाठी वाट मोकळी केली की त्यांचे नाव काही वर्षे डागाळून ठेवले, याविषयी दोन्ही बाजूंनी ठामपणे लिहिले जाते. परंतु ६२ मिनिटांची मोनिका पाहणारा माणूस पुढे बर्गमन यांच्याच 'द सेव्हन्थ सील'ला गेला की नाही, हे तिकिटांच्या उत्पन्नावरून कळत नाही.

तिसरा प्रश्न जतनाचा. जीर्णोद्धार म्हणजे मूळ प्रतीकडे जाणे असे आपण समजतो, आणि ते रास्तही आहे. पण एका देशातील प्रेक्षकांनी जी आवृत्ती खरोखर पाहिली ती टाकून दिली तर त्या देशातील चित्रपटदर्शनाचा इतिहास पुसला जातो. आणि ठेवली तर संग्रहालयाच्या नोंदवहीत ती बर्गमन या नावाखाली लिहायची की बॅब, याचा एकमुखी निर्णय नाही. काही जाणत्या प्रकाशकांनी मूळ चित्रपटाच्या चकतीवर दुसऱ्या आवृत्तीची हकिगत जोडण्याचा मध्यममार्ग काढला आहे, 'मोनिका'च्या २०१२ च्या प्रकाशनात शेफर यांची मुलाखत आहे ती याच हेतूने, आणि तूर्त मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो.

राहता राहिला प्रेक्षक. आजवरची सारी साधने फलक, करार, निकाल आणि समीक्षा यांची आहेत. अंधारात बसलेल्या माणसाला काय वाटले, तो हिरमुसला की हेलावला, कापूनही उरलेल्या त्या चेहऱ्यांत त्याला आणखी काही दिसले का, याचे दाखले फार विरळ आहेत. १९५५ साली विशीत असलेला प्रेक्षक आज नव्वदीच्या घरात आहे, आणि त्याची जबानी नोंदवायची असेल तर ती याच काही वर्षांत नोंदवली पाहिजे.